ऋण मित्रांचे

लेखन हे एकट्याने करावयाचे काम आहे, ही समजूत आपल्या मनात पक्की रुजलेली आहे. लेखक म्हटला की दिव्याच्या उजेडात, दार लावून बसलेला एकाकी माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. ही समजूत अर्धीच खरी आहे. लिहिताना माणूस एकटा असतो हे निश्चित. पण लिहिण्याचे धाडस, लिहिलेले फाडून न टाकण्याचा धीर आणि तेच पुन्हा नीट लिहिण्याची चिकाटी या गोष्टी त्याला बहुधा दुसऱ्यांकडून मिळालेल्या असतात. वाङ्मयाच्या इतिहासात ग्रंथांची नावे ठळक राहतात. ते ग्रंथ कच्चे असताना ज्यांनी ते बसून ऐकले, त्यांची नावे मात्र तळटीपेत जातात. अशाच काही तळटीपेतल्या माणसांची ही हकिगत आहे. ती घडली इंग्लंडमध्ये; परंतु तिच्या मध्यभागी एका कॅथॉलिक धर्मगुरूने सांभाळलेला एक पोरका मुलगा आहे, म्हणून ती आपल्या कुटुंबांना परकी वाटू नये.

जॉन रोनाल्ड रूएल टॉल्किन यांचे नाव आज जगभर माहीत आहे. त्यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीवर २००१ ते २००३ या काळात निघालेल्या तीन चित्रपटांमुळे ते आपल्या तरुण पिढीच्याही परिचयाचे झाले. त्यांचा जन्म ३ जानेवारी १८९२ रोजी दक्षिण आफ्रिकेतील ब्लूमफाँटेन येथे झाला. वडील १८९६ साली वारले. आई मेबल हिने १९०० साली कॅथॉलिक श्रद्धा स्वीकारली आणि त्यापायी तिच्या नातलगांनी मदतीचा हात आखडता घेतला. १९०४ साली, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी, मधुमेहाने तिचा अंत झाला. इन्शुलिनचा शोध लागायला अजून सतरा वर्षे होती. बारा वर्षांचा रोनाल्ड आणि दहा वर्षांचा हिलरी अशी दोन मुले मागे राहिली. त्यांचे पालकत्व तिने बर्मिंगहॅम ऑरेटरीचे फादर फ्रान्सिस झेवियर मॉर्गन यांच्याकडे सोपवले होते. २०१९ साली संतपदी आरूढ झालेल्या कार्डिनल न्यूमन यांनी स्थापिलेली हीच ती ऑरेटरी. फादर फ्रान्सिस यांनी या मुलांच्या खर्चाला स्वतःच्या खाजगी उत्पन्नातून हातभार लावला. सकाळी फादरांच्या मिस्साला वेदीसेवा करावयाची आणि मग किंग एडवर्ड्स या शाळेची वाट धरावयाची, असा दोघा भावांचा परिपाठ होता.

त्या शाळेत रोनाल्डला घर मिळाले असे म्हटले तरी चालेल. १९११ साली परीक्षांच्या दिवसांत काही मोठी मुले शाळेच्या ग्रंथालयात गुपचूप चहा करू लागली. रोनाल्ड स्वतःच ग्रंथपालाचे काम पाहत होता, त्यामुळे जागेची अडचण नव्हती! पुढे हा चहा शहरातील बॅरोज स्टोअर्स या दुकानाच्या उपाहारगृहात होऊ लागला आणि मुलांनी आपल्या टोळक्याला भारदस्त नाव दिले : ‘टी क्लब आणि बॅरोवियन सोसायटी’, म्हणजेच टी.सी.बी.एस. या मंडळाचा गाभा चौघांचा होता. ख्रिस्तोफर वाइजमन हा मेथडिस्ट घराण्यातला, गणित आणि संगीत यांत रमणारा. रॉबर्ट गिल्सन हा मुख्याध्यापकांचा मुलगा, चित्रकलेचा वेडा. जेफ्री बॅश स्मिथ वयाने सर्वांत लहान, आणि कविता हा त्याचा श्वास. चौथा रोनाल्ड, ज्याला जुन्या भाषांचे आणि दंतकथांचे पिसे लागले होते. पंथ वेगळे, आवडी वेगळ्या. पण एकाने काही वाचून दाखवावे आणि इतर तिघांनी मनापासून ऐकावे, हा नेम ठरून गेला.

शाळा सुटली तेव्हा दोघे केंब्रिजला आणि दोघे ऑक्सफर्डला गेले. तरी मंडळ मोडले नाही. १९१४ च्या डिसेंबरात, महायुद्ध सुरू होऊन चार महिने झाले असताना, हे चौघे लंडनला वाइजमनच्या घरी जमले. वरच्या मजल्यावरील लहानशा खोलीत शेगडीभोवती बसून त्यांनी दोन दिवस चर्चा केली. आपल्या चौघांच्या हातून या जगात काही चांगले उजळले पाहिजे, अशी त्यांची तरुण वयाला शोभणारी भव्य आकांक्षा होती. बाहेरून पाहणाऱ्याला ती हास्यास्पदच वाटली असती, कारण चौघांपैकी एकाच्याही नावावर पुस्तक नव्हते. परंतु टॉल्किन यांनी पुढे सांगून ठेवले आहे की मनात कोंडलेल्या साऱ्या गोष्टींना वाचा फुटली ती त्या बैठकीनंतर. कवी व्हावयाचे, हा निश्चय त्यांनी तेथून परतल्यावर केला.

यानंतर मंडळाच्या बैठका टपालानेच होऊ लागल्या. चौघेही सैन्यात दाखल झाले : वाइजमन आरमारात, इतर तिघे पायदळात. रोनाल्डच्या कविता एका छावणीतून दुसऱ्या छावणीत फिरत. एकाने वाचून दुसऱ्याला पाठवाव्यात, सोबत आपले मत लिहावे, असा तो क्रम होता. त्या मतांत कौतुक होते आणि दोषदिग्दर्शनही होते. कुठे शब्दांचा फुलोरा जास्त झाला आहे, कुठे अर्थ धूसर राहिला आहे, हे मित्र मोकळेपणाने कळवीत. १९१६ च्या मार्चमध्ये लंडनच्या एका प्रकाशन संस्थेने रोनाल्डचा कवितासंग्रह परत पाठवला. व्यवहाराच्या दृष्टीने तो त्या दिवशी कवी नव्हता. तीन माणसांच्या दृष्टीने मात्र तो कवी होता, आणि त्याला लिहिते ठेवायला ती तीन माणसे पुरेशी ठरली.

त्याच वर्षी फेब्रुवारीत स्मिथने फ्रान्समधील खंदकातून रोनाल्डला एक पत्र लिहिले. रात्रीच्या गस्तीवर निघण्याची वेळ झाली होती. जिवंत परतण्याची शाश्वती नव्हती. अशा वेळी त्याच्या मनात आपल्या मित्राच्या कवितांचा विचार होता. त्या प्रसिद्ध झाल्याच पाहिजेत असे त्याने आग्रहाने लिहिले. आज रात्री मी पडलो तरी मंडळातला कुणीतरी मागे उरेल आणि आपण सर्वांनी पाहिलेले स्वप्न तो शब्दांत मांडेल. मृत्यूने आपल्यातला एकेक उचलला तरी आपले मंडळ त्याला मोडता येणार नाही, असा त्या पत्राचा आशय होता. शेवटी त्याने मित्राला आशीर्वाद दिला आणि म्हटले की जे सांगण्याची माझी धडपड होती ते, मी नसेन तेव्हाही, तुझ्या मुखातून सांगितले जावो. पत्र लिहिणारा एकवीस वर्षांचा होता.

त्या रात्री तो वाचला. परंतु १ जुलै १९१६ रोजी सॉम नदीकाठची लढाई सुरू झाली. त्या एका दिवसात ब्रिटिश सैन्याचे १९,००० हून अधिक लोक ठार झाले. रॉबर्ट गिल्सन त्यांतला एक होता. ही बातमी आघाडीवरच असलेल्या रोनाल्डला स्मिथच्या पत्रातून कळली. त्याचे मन मोडले. आपला चौघांचा संघ आता संपला, उरले ते सुटे सुटे मित्र, असे त्याने लिहिले. स्मिथने ते मानले नाही. मंडळ संपलेले नाही आणि संपणार नाही, असे त्याने ठासून उत्तर दिले. खंदकातील तापाने रोनाल्डला गाठले आणि नोव्हेंबरात त्याला इंग्लंडला परत पाठवण्यात आले. तो रुग्णालयात असताना, तिकडे तोफगोळ्याच्या तुकड्यांनी स्मिथला जखमा झाल्या. त्या चिघळत गेल्या आणि ३ डिसेंबर १९१६ रोजी त्याने प्राण सोडला. गिल्सन आणि स्मिथ दोघेही मृत्युसमयी बावीस वर्षांचे होते.

चौघांतले दोघे उरले. वाइजमनने आपल्या जहाजावरून रोनाल्डला लिहिले की आता तू तुझ्या महाकाव्याला हात घालावास. टॉल्किन यांनी ते ऐकले. आजारातून उठता उठता त्यांनी त्या कथा लिहावयास घेतल्या, ज्यांतून पुढे त्यांचे अवघे साहित्यविश्व उभे राहिले. त्याचबरोबर दोघांनी स्मिथच्या विखुरलेल्या कविता जमवल्या आणि १९१८ साली त्यांचे छोटेसे पुस्तक प्रसिद्ध केले. टॉल्किन यांनी स्वतःचे एकही ललित पुस्तक निघाले नसताना आधी मित्राचे पुस्तक काढले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. १९२४ साली जन्मलेल्या आपल्या तिसऱ्या मुलाला त्यांनी वाइजमनवरून ख्रिस्तोफर हे नाव दिले.

या कथेचा दुसरा अध्याय ऑक्सफर्डमध्ये घडला. १९२५ साली टॉल्किन तेथे प्राध्यापक म्हणून आले आणि ११ मे १९२६ रोजी प्राध्यापकांच्या एका बैठकीत त्यांची क्लाइव्ह स्टेपल्स लुईस यांच्याशी गाठ पडली. लुईस बेलफास्टचे, प्रॉटेस्टंट घरातले, आणि त्या काळी देवावर विश्वास न ठेवणारे. तेही युद्धात जखमी झालेले होते आणि तेही अपयशी कवी होते : १९१९ आणि १९२६ साली टोपणनावाने निघालेल्या त्यांच्या दोन्ही काव्यपुस्तकांची फारशी दखल कुणी घेतली नव्हती. टॉल्किन यांनी त्याच वर्षी आइसलँडच्या जुन्या कथा मूळ भाषेत वाचण्यासाठी एक वाचनमंडळ काढले होते. लुईस त्यात येऊ लागले आणि ओळखीची मैत्री झाली.

१९२९ च्या अखेरीस टॉल्किन यांनी धीर करून आपले एक दीर्घ, अपुरे काव्य लुईस यांच्या हाती ठेवले. युद्धानंतर इतक्या विश्वासाने त्यांनी क्वचितच कुणाला काही दाखवले असेल. लुईस यांनी ते रात्री जागून वाचले आणि दुसऱ्याच दिवशी आनंदाचे पत्र लिहिले. पुढे त्यांनी सविस्तर टीकाही पाठवली, आणि तीही मोठ्या युक्तीने. हे काव्य म्हणजे जणू एखादी प्राचीन पोथी आहे आणि तिच्या पाठांविषयी काही काल्पनिक जर्मन-अमेरिकन विद्वान वाद घालीत आहेत, असे सोंग घेऊन त्यांनी प्रत्येक कच्ची ओळ दाखवून दिली. दोष सांगताना मित्राला हसवावयाचे, हे औदार्य थोड्यांनाच साधते. टॉल्किन यांनी त्यांतल्या अनेक सूचना स्वीकारून ओळी नव्याने लिहिल्या.

देणे दोन्हीकडून होते. १९ सप्टेंबर १९३१ च्या रात्री टॉल्किन आणि ह्यूगो डायसन हे लुईस यांच्याबरोबर मॉडलिन कॉलेजच्या आवारातील झाडांखालच्या वाटेवर फिरत उशिरापर्यंत बोलत राहिले. विषय होता दंतकथा आणि ख्रिस्तचरित्र यांच्या नात्याचा. लुईस तोवर देवाचे अस्तित्व मानू लागले होते. या संभाषणानंतर अवघ्या काही दिवसांत त्यांनी ख्रिस्ताला स्वीकारले. पुढे विसाव्या शतकातील सर्वाधिक वाचल्या गेलेल्या ख्रिस्ती लेखकांत त्यांची गणना झाली. ते अँग्लिकन राहिले, टॉल्किन कॅथॉलिक. याची खंत टॉल्किन यांना होती, पण तिने मैत्रीला बाध आला नाही.

या दोघांभोवती हळूहळू जे मंडळ जमले त्याचे नाव ‘इंकलिंग्ज’. हे नाव मुळात एका विद्यार्थ्याने काढलेल्या आणि लवकरच बंद पडलेल्या क्लबाचे. ते या मित्रांनी उचलले. गुरुवारी रात्री लुईस यांच्या खोलीत वाचन होई आणि आठवड्यातून एकदा सकाळी ‘ईगल अँड चाइल्ड’ या मद्यगृहात गप्पा होत. मंडळाला नियम नव्हते, पदाधिकारी नव्हते, वर्गणी नव्हती. लुईस यांचे थोरले बंधू वॉरन चहा करीत, चिरूट-पाइप पेटत, आणि कुणी काही वाचणार आहे का, असा प्रश्न लुईस टाकीत. त्यात विद्वान होते, कवी होते, एक वकील होता, रॉबर्ट हॅवर्ड नावाचे कॅथॉलिक डॉक्टर होते, जर्व्हेस मॅथ्यू नावाचे डॉमिनिकन धर्मगुरू होते. युद्धामुळे १९३९ साली लंडनहून ऑक्सफर्डला आलेले चार्ल्स विल्यम्स हे तर विद्यापीठाची पदवी न मिळवलेले, प्रकाशन संस्थेत नोकरी करणारे गृहस्थ होते. त्यांनाही मंडळाने आपलेसे केले. स्तुतीची देवाणघेवाण तेथे नव्हती. चांगल्याला चांगले म्हणत, पण फसलेल्या लेखनाला फसलेले म्हणायलाही कुणी कचरत नसे.

१९३७ च्या सप्टेंबरात ‘द हॉबिट’ प्रसिद्ध झाले आणि त्या डिसेंबरात टॉल्किन यांनी पुढची कथा आरंभिली. तिला एक तप लागले. मध्ये महायुद्ध होते, अध्यापन होते, चार मुलांचा संसार होता, आणि सुधारणांचा कधी न संपणारा हव्यास होता. लेखन पुन्हा पुन्हा अडले. १९४४ च्या वसंतात ते बरेच दिवस ठप्प झालेले लेखन टॉल्किन यांनी परत हाती घेतले. यामागे लुईस यांचा तगादा होता. नवे प्रकरण झाले की ते लुईस आणि विल्यम्स यांना वाचून दाखवले जाई. कितीएक वर्षांनी टॉल्किन यांनी एका पत्रात प्रांजळपणे लिहिले की लुईस यांचे माझ्यावरील न फिटणारे ऋण हे साहित्यिक प्रभावाचे नाही, ते निखळ उत्तेजनाचे आहे. बराच काळ तेच माझे एकमेव श्रोते होते, आणि ही कथा खाजगी छंदापलीकडची काही असू शकेल हे मला त्यांच्यामुळेच कळले.

या मंडळाचे चित्र निर्दोष नव्हते, हेही इतिहास म्हणून सांगितले पाहिजे. त्यात स्त्रियांना प्रवेश नव्हता. लुईस यांच्याशी चांगला स्नेह असलेल्या लेखिका डोरोथी सेअर्सही त्या बैठकांना कधी गेल्या नाहीत. १५ मे १९४५ रोजी विल्यम्स अकस्मात वारले आणि मंडळाचा जीवनरस आटू लागला. डायसन यांना टॉल्किन यांची कथा सोसेना. ते असले की वाचन थांबवावे लागे. लुईस यांच्या नार्नियाच्या बालकथा टॉल्किन यांना रुचल्या नाहीत, आणि त्यांनी ते लपवले नाही. १९४९ च्या ऑक्टोबरात एका गुरुवारी कुणीच आले नाही, आणि गुरुवारचे वाचन तेथेच थांबले. भांडण नाही, ठराव नाही. चहाची किटली तेवढी थंड झाली.

तरीही ऋणाची जाणीव टिकली. १९५४ साली केंब्रिजने नव्या अध्यासनासाठी लुईस यांना बोलावले आणि त्यांनी ते नाकारले, तेव्हा त्यांचे मन वळवणारे टॉल्किन होते. त्याच वर्षी जुलैत ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा पहिला खंड निघाला, आणि त्याच्या बाजूने उत्साहाने लिहिणाऱ्यांत लुईस पुढे होते. पहिल्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत टॉल्किन यांनी इंकलिंग्ज मंडळाचे स्मरण केले. १९६१ च्या नोबेल पारितोषिकासाठी लुईस यांनी टॉल्किन यांचे नाव सुचवले होते, ही गोष्ट तर पन्नास वर्षांनी स्वीडनमधील कागदपत्रे खुली झाल्यावर जगाला कळली. भेटीगाठी विरळ झालेल्या काळात, कुणाला दिसणार नाही अशा ठिकाणी, मित्राने मित्रासाठी टाकलेला तो शब्द होता. लुईस १९६३ साली गेले, टॉल्किन १९७३ साली.

या साठ वर्षांच्या कहाणीत मला सर्वांत मोलाचे वाटते ते एवढेच : टॉल्किन यांच्यावर विश्वास ठेवणाऱ्यांनी तो पुराव्याआधी ठेवला. स्मिथने ज्या कवितांसाठी तळमळून पत्र लिहिले त्या कविता बेताच्याच होत्या. पुढे काय घडणार आहे हे त्याला ठाऊक नव्हते, आणि ते पाहावयास तो उरलाही नाही. पेरणाऱ्याने पीक पाहिलेच पाहिजे असे नाही, हे आपल्याला शेतकऱ्याच्या मुलांना कुणी वेगळे शिकवावयास नको. पण येथे पेरणी झाली होती ती ऐकण्याने.

आपल्या धर्मग्रामांतही लिहिणारे आहेत. नाताळचे नाटुकले लिहिणारा मुलगा आहे, वहीच्या मागच्या पानांवर कविता करणारी मुलगी आहे, आजीच्या तोंडची बोलीतली गाणी उतरवून ठेवणाऱ्या शिक्षिका आहेत. आजकाल भ्रमणध्वनीवरून कविता क्षणात शंभर जणांकडे जाते आणि क्षणातच शंभर अंगठे वर होतात. त्या अंगठ्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. दूर असलेल्या मित्रांनी टपालाने एकमेकांना कसे सांभाळले ते आपण वर पाहिलेच. पण शेवटच्या ओळीपर्यंत वाचून, तिसऱ्या कडव्यात तुझा पाय घसरला आहे, ते पुन्हा लिही आणि मला पाठव, असे सांगणारा एक तरी माणूस त्या मुलीला हवा. रविवारी मिस्सा झाल्यावर धर्मग्राम सभागृहात चार खुर्च्या आणि चहाची एक किटली एवढ्यावर हे काम सुरू होऊ शकते. या खेपेला एखादी खुर्ची लिहिणाऱ्या भगिनींसाठी आधीच मांडून ठेवावी.